जंगबारला निघालेली दमणी

ठाकुर्ली, आश्विन वद्य पंचमी, शके १८०४

चिरंजीव सौभाग्यवती रतन हिला बापाचे आशीर्वाद. आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिले. राग गेला असं समजू नको.

तुझ्या नवऱ्याचं पत्र कल्याणला पोपटशेटच्या पेढीवर आलं, ते त्यांनी माणसाबरोबर इकडे धाडलं. मी ओटीवर बसून वाचलं. तुझी आय दाराआड उभी होती. तिला अक्षर येत नाही, म्हणून ती माझ्या तोंडाकडे बघून पत्र वाचते. दुसऱ्या ओळीला माझं तोंड हललं असणार, कारण ती लगेच म्हणाली, "कितवा?" मी म्हटलं, "तिसरा सरला." ती आत गेली आणि चुलीपुढे नुसती बसून राहिली. भात करपला, तो आम्ही तसाच खाल्ला.

गोपीनाथचं अक्षर चांगलं आहे, हे मी आधीही म्हणत होतो. अक्षर चांगलं म्हणून तर पोपटशेटनं त्याला उचललं आणि दर्यापार आफ्रिकेच्या जंगबार बेटावर नेऊन लवंगांच्या हिशोबाला बसवलं. माझ्या आगरावर राहिला असता तर मिठाच्या वाफ्यांना काय त्याचं अक्षर टोचलं असतं? पण ते जाऊ दे. त्याच्यामागोमाग तू गेलीस, तेव्हापासून तू माझ्याशी बोलत नाहीस, मी तुझ्याशी बोलत नाही, हे ठरलेलं आहे. हे पत्र मी गाडीबद्दल लिहितो आहे.

लोकांच्या लेकींना चिंचांचे डोहाळे लागतात, बोरांचे लागतात, एखादीला भिंतीची माती खावीशी वाटते. तुला दमणी लागली. जावईबापू लिहितात, तुम्ही राहता ती लवंगांची बाग शहरापासून लांब आहे, सुईण शहरात, आणि वाट सगळी खाचखळग्यांची. तिथल्या बायका गाढवावर बसून जातात, नाहीतर माणसं झोळीत घालून नेतात. तू दोन्हीला नाही म्हणालीस. म्हणालीस, माझी दमणी असती तर. तिथं बैल मिळतात, पण गाडी मिळते ती नारळ वाहायची, तिला ना छत ना गादी. म्हणून दमणी आगबोटीनं पाठवा म्हणे. जशी काय चोळीचा खण आहे, पुडीत बांधून धाडायला.

आणखी लिहितात की तिथल्या जकातीच्या नाक्यावर नवी वस्तू उतरली की ती व्यापाराची समजतात, वखारीत टाकतात आणि मोल ठरेपर्यंत महिनोन्‌महिने सोडत नाहीत. घरची वापरलेली गाडी घरच्या माणसाबरोबर आली तर तशीच जाऊ देतात. "तेव्हा गाडी आहे तशीच पाठवावी, रंग देऊ नये, काही नवं करू नये, आणि घरचं कुणी बरोबर यावं." घरचं कुणी म्हणजे कोण? आता मिठाचे वाफे बांधायचे दिवस येतील.

माझं म्हणणं सरळ आहे. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. तुझ्या आयचं तिच्या माहेरी झालं, माझ्या आयचं तिच्या. दमणी तुझी आहे, कोण नाही म्हणतो. तुझ्या आयला ती तिच्या बापानं आंदण दिली आणि तुझ्या लग्नात आम्ही ती तुला दिली. ती अंगणात आंब्याखाली उभी आहे. बसायचं असेल तर ये आणि बस. मोरा आणि लाख्या जुंपून मी कल्याण बंदरावर येतो. बाळाला सव्वा महिना झाला की मग खुशाल गाडी घेऊन जा, मी चाकाला हात लावणार नाही.

दुपारी मी गाडीतच पडतो. छताच्या कोपऱ्यात तू लहानपणी बोट घालून भोक मोठं केलं होतंस, त्यातून आभाळ दिसतं. कधी कधी वाटतं, गाडी चालली आहे. उठून बघतो तर बैल गोठ्यात.

तुझा बापूस,
नाथा


कार्तिक वद्य द्वितीया

चि. सौ. रतन,

पत्र जायला महिना, यायला महिना, हे मला कळतं. तरी पोपटशेटच्या पेढीवर जाऊन आलो. पोपटशेट म्हणाला, "नाथाबाबा, आगबोट काय तुमच्यासाठी मध्ये वल्ही मारत येईल?" मी म्हटलं, मी दोरखंड घ्यायला आलोय. मग दोरखंड घ्यावा लागला.

त्याच्याकडून तुझ्या गावाची चौकशी केली. तो सांगतो, संध्याकाळी वारा जमिनीकडून वाहायला लागला की सगळ्या बेटाला लवंगेचा वास येतो, आगबोटीवरच्या माणसांनाही येतो. घरी येऊन मी डब्यातली एक लवंग दाढेखाली धरली आणि गाडीत पडलो. थोडा वेळ तुझं बेट माझ्या तोंडात होतं.

मग डोळा लागला असेल. गाडी बांधावरून चालली होती, दोन्ही अंगाला पाणी, आणि ते पाणी काही संपेना. बैल पाय उचलत होते आणि आवाज येत नव्हता. मागे तू बसली होतीस. मोठी नाही, परकरातली. तू काहीतरी विचारत होतीस आणि मी "हां, हां" म्हणत होतो. मागे वळून बघावं असं फार वाटलं. पण बघितलं आणि गाडी रिकामी असली तर काय घ्या, म्हणून बघितलं नाही.

तुझी आय तुझ्या खोलीला चुना देते आहे. बाज नवी विणून घेतली. आवडाबाईला सांगून ठेवलं आहे, ती म्हणाली, "रतनला मी तिच्या आजोळी जाऊन काढलं, रतनचं पण मीच काढणार, तवर मरत नाय." आता एका सुईणीनं एवढा शब्द दिला असताना तू नाही कशी म्हणशील?

आणि एक. उत्तर गोपीनाथच्या हातचं नको. मिठाच्या कारकुनानं मला बाळबोध शिकवलं आणि मी ते तुला शिकवलं, वाफ्याच्या ओल्या चिखलात काठीनं. अख्ख्या ठाकुर्लीत दुसऱ्या कुणाच्या लेकीला अक्षर येत नाही. ती अक्षरं तू बरोबर घेऊन गेलीस, आणि बापाला एक ओळ लिहीत नाहीस. राग मला पण धरता येतो. पण मी लिहितो.

तुझा बापूस


मार्गशीर्ष वद्य चतुर्थी

रतन,

आज वर मायना लिहीत नाही.

शेवटी गाढवावर बसलीस आणि पडलीस, हे वाचलं. पत्र वाचताना तुझी आय समोर होती. मी तोंड फिरवलं. ती म्हणाली, "जिती हाय ना?" मी मान हलवली. मग तिनं माझ्या हातातलं पत्र घेतलं आणि उलटंसुलटं करून बघितलं, जणू तिला त्यात काही दिसणार होतं.

नंतर सगळं वाचून दाखवलं. अंगावरून गेलं ते थांबलं, बाळ हलतं आहे, तिथला हकीम म्हणतो आता जपायचं, पायी चालायचं नाही, हिसका बसेल असं काही नाही, आणि आगबोटीचं तर नाव काढायचं नाही. आवडाबाईला बोलावून विचारलं. तीही तेच म्हणाली. म्हणजे तू येत नाहीस. चुना दिलेल्या खोलीत तुझ्या आयनं मिरच्या वाळत घातल्या.

गाडी तेव्हाच पाठवली असती तरी तू पडलीस तोवर ती पोचली नसती. मी हिशोब करून बघितला. तुझ्या आयलाही सांगितला. ती उठून मिरच्या हलवायला गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

बाळंतपणाला तुला शहरात न्यावं लागणार आणि ती वाट तू कशावरून जाणार, हे एकच आता माझ्या डोक्यात आहे. जेवताना तेच, आगरावर तेच. गाडी येते आहे. तू फक्त पडून राहा आणि ती यायच्या आधी कुठं निघू नको. माझं ऐकलं नाहीस त्याचं काही नाही, एवढं ऐक.

बापूस


पौष शुद्ध षष्ठी

चि. सौ. रतन,

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. रागावणार नसशील तर सांगतो. रागावणार असशील तरी सांगायलाच हवं.

जावईबापूंनी लिहिलं होतं, आहे तशी पाठवा, काही नवं करू नका. आता तू सांग, जावई कधी "करा" म्हणतो का? तुझ्या लग्नात व्याही म्हणाले होते, "आम्हाला काही नको." तेव्हा जर आपण खरोखर काही दिलं नसतं तर आंबिवलीहून वऱ्हाड जेवायला बसलं असतं का? मला वाटलं, पोरगा भिडेनं लिहितो आहे. लेकीच्या दारात विटका रंग आणि भोकाचं छत पाठवायचं, आणि तिथल्या लोकांनी म्हणायचं की हिच्या माहेरी मिठाशिवाय काही दिसत नाही.

म्हणून विश्राम सुताराला बोलावलं. त्यानं चाकं नवी घातली, लोखंडी धाव चढवली, छताचा वेत बदलला. साट्याच्या फळ्यांना तांबडा रंग, कडेनं पिवळी वेल, पुढे दोन राघू. गादीला नवा कापूस. गाव बघायला आलं. मी आंब्याखाली उभा राहून सगळ्यांना सांगत होतो, जंगबारला चालली, जंगबारला. मोरा बैलाच्या गळ्यात घुंगुरमाळ घालून मी ती कल्याणला पेढीवर नेली. रस्ताभर लोक थांबून बघत होते, आणि मला वाटत होतं मी अर्ध्या दर्यात पोचलो.

पोपटशेट बाहेर आला. गाडीभोवती एक फेरी मारली. मग पायरीवर बसला आणि हसायला लागला. "नाथाबाबा, ही घरची जुनी गाडी? हिला तर अजून रंगाचा वास येतोय. नाक्यावरचा माणूस आंधळा असला तरी नाकानं सांगेल की ही विकायला आणली आहे." मग हसायचा थांबला आणि म्हणाला, "वखारीत पडेल. सुटेल, पण तोवर पोरीचं बाळ रांगायला लागेल."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. येताना मी घुंगुरमाळ काढून गादीखाली घातली.

घरी तुझ्या आयला सांगितलं. ती राघूंकडे बघत म्हणाली, "मी तवाच बोल्ले होते." मी म्हटलं, कधी बोललीस? म्हणाली, "मनात."

पुढची आगबोट माघात आहे. तेवढ्या दिवसांत ही गाडी जुनी करायची आहे. कशी, ते मला अजून माहीत नाही. पण जुनं व्हायला काय लागतं, मी झालोच की.

तुझा बापूस


पौष वद्य दशमी

चि. सौ. रतन,

तुझी गाडी सध्या गावाची झाली आहे.

मी ओटीवरून जाहीर केलं, ज्याला कुठं जायचं असेल त्यानं नाथाची दमणी न्यावी, आणि जपून नेऊ नये. पहिले दोन दिवस कुणी आलं नाही. लोकांना वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मग आवडाबाई आली. म्हणाली, मेल्यावर खांद्यावरून जायचंच आहे, त्याआधी एकदा गादीवरून जाते. तिला टिटवाळ्याला गणपतीला घेऊन गेलो. जाताना काळू नदीत गाडी मुद्दाम खोल पाण्यातून घातली, येताना चिखलातून. ती मागून शिव्या देत होती आणि हसत होती. तिच्या तोंडातल्या पानाची पिंक छताला आतून लागली आहे. पुसली नाही.

पौषात लग्नं नाहीत, नाहीतर वऱ्हाडं नेली असती. पण माणसाला जायला लग्नच लागतं असं नाही. कुणाची म्हातारी डोळे दाखवायला गेली, कुणाची सून माहेराहून आली. एका कोळणीनं सुकटीच्या टोपल्या नेल्या, तो वास आता रंगाच्या वासाला पुरून उरला आहे. शेजारच्या शेळीनं एका राघूची चोच चाटून काढली. एक बाई हळद कुटून तशाच हातानं गाडीत चढली, साट्यावर तिचे पाचही बोटांचे ठसे आहेत. मी तुझ्या आयला म्हटलं, बघ, आता कशी माणसांची दिसते.

पहाटे धुकं असतं तेव्हा मी एकटाच बांधावरून फेरी मारतो. खाडी दिसत नाही, फक्त आहे असं कळतं. बैलांची शिंगं सुद्धा दिसत नाहीत. अशा वेळी ठाकुर्ली कुठं संपते आणि तुझं बेट कुठं लागतं, काही सांगता येत नाही. लवंग तोंडात असतेच. एकदा तर मी चक्क हाक मारली, "रतन, दार उघड." समोरून कुणीतरी म्हणालं, "नाथाबाबा, दार नाय इथं, बांध हाय." आगरावरचा माणूस होता. दिवसभर तो माझ्याकडे बघून हसत होता.

तर मी ठरवलं आहे. गाडीबरोबर मीच येतो. घरचं माणूस पाहिजे ना? मीठ काय, दर साल येतं. आगर तुझी आय सांभाळेल. तुला सांगतो, ठरवल्यापासून मला झोप नाही. धोतरं धुऊन ठेवली. आगबोटीवर खायला तांदळाचे पापड भाजून घेतले. तुझ्यासमोर उभं राहून पहिल्यांदा काय बोलायचं, तेसुद्धा मनात म्हणून बघतो, पण दर वेळी वेगळंच येतं.

तुझा बापूस


माघ शुद्ध नवमी

चि. सौ. रतन,

हे पत्र तुझ्या हातात तुझी आय देईल.

काय झालं ते सांगतो. पोपटशेट काल गाडी बघायला स्वतः इथं आला. फेरी मारली, वास घेतला, हळदीचे ठसे बघितले आणि म्हणाला, आता शोभते. मग मला म्हणाला, "नाथाबाबा, तिथं नाक्यावर विचारतील. घरची गाडी असेल तर घरच्या माणसाला तिच्या खोडी ठाऊक पाहिजेत. सांगा, बसलं की कुठल्या अंगाला कलते?"

मी उगाच चाकांकडे बघू लागलो. इतकी वर्षं मी पुढे जुवाजवळ बसून हाकतो आहे. मागे गादीवर दुपारी पडलो तो उभ्या गाडीत. चालत्या गाडीत मागे मी कधी बसलोच नाही.

दाराआडून तुझी आय म्हणाली, "डाव्या अंगाला. उतारावर लागली की उजव्या. मागच्या फळीला हात ठेवला तर चिमटा बसतो, म्हणून पदर धरून बसायचं. नवी चाकं घातली तरी तशीच हाय."

पोपटशेट माझ्याकडे बघायला लागला. ती बाहेर ओटीवर आली. परक्या माणसासमोर ती अशी कधी येत नाही. म्हणाली, "तुम्ही हाकली, बसले मी. नवरीची आली तवा हीच गाडी, रतनला पोटात घेऊन माहेरी गेले ती हीच, तिला घेऊन परत आले ती पण हीच. घरचं माणूस पायजे तर मी हाय. आणि तिथं जाऊन तुम्ही काय करणार, लेकीची कंबर शेकणार?"

कल्याणच्या पलीकडे ती कधी गेली नाही. मी म्हटलं, दर्या केवढा असतो तुला ठाऊक आहे का? ती म्हणाली, "रतनला तरी कुठं ठाऊक होता." मी माझी धोतरं घडी करून परत ठेवली. पापड तिच्या गाठोड्यात बांधले.

आज कल्याण बंदरावर दमणी मचव्यात चढवली. चाकं काढून बाजूला बांधली, जू सोडून आत घातलं, साटा आणि छत तसंच ठेवलं. मुंबईला आगबोटीवर चढवायला पोपटशेटचा माणूस आहे, तो त्याच आगबोटीनं जंगबारला येतो, काळजी नाही. मचवेवाला तुझ्या आयला म्हणाला, इथं तागाच्या पोत्यावर बसा. ती सरळ दमणीत जाऊन बसली. पोपटशेट गमतीनं म्हणाला, "बाई, गाडीची जकात सुटेल, तुमची लागली तर?" ती म्हणाली, "माझी कशाला लागेल? मी वापरलेली हाय." सगळं बंदर हसलं. मी पण हसलो, आणि मग मला कुठं बघावं ते कळेना.

हे तिथंच एका पेटाऱ्यावर कागद ठेवून लिहितो आहे. भरती फुटायची वाट बघत आहेत. ओहोटीबरोबर मचवा सुटेल तो आपल्या ठाकुर्लीवरूनच जाईल. मी आता बैल घेऊन धावत निघालो तर बांधावर आधी पोचेन. बाजूला दोन्ही काठ, मध्ये पाणी, आणि पाण्यावरून माझी दमणी चालली आहे, बैल नाहीत, चाकं नाहीत, मागे तुझी आय. एवढं मला बघायचं आहे.

तिला कोरडा खोकला आहे, रात्री गरम पाणी दे. मागेल असं नाही, म्हणून सांगितलं.

तुझा बापूस


वैशाख शुद्ध एकादशी, शके १८०५

चि. सौ. रतन,

तुझं पत्र मिळालं. तुझं म्हणजे तुझ्या हातचं. आधी गोपीनाथचं वाचलं, खाली तुझ्या ओळी होत्या. तू अजून "ळ" उलटा काढतेस. मी तो किती वेळ बघत बसलो होतो, ते आता कशाला सांगू?

मुलगी झाली, ते बरं झालं. नाक कुणाचं आहे ते पुढच्या पत्रात नीट लिही, जावईबापू आपलंच सांगणार. नाक्यावर तुझी आय गाडीतून खाली उतरलीच नाही, आणि तिथल्या माणसांनी शेवटी गाडी आणि बाई एकदमच सोडून दिली, हे वाचून मी पोपटशेटच्या पेढीवर जाऊन सगळ्यांना वाचून दाखवलं. कळा सुरू व्हायच्या आधी तिनं तुला शहरात नेलं, आणि बैल ती स्वतः हाकत होती, हे मात्र कुणी खरं मानेना. मी पण मानलं नसतं. आवडाबाईला मी सांगितलं, बाळंतपण माहेरीच झालं, फक्त माहेर तिकडे गेलं होतं. ती म्हणाली, मग माझा शब्द खोटा पाडला रतननं. तिला तिकडून लवंगा पाठव.

तुला ये म्हणून मी आता लिहिणार नाही. घर तुझं तिथं आहे. वाटेवर गाडी चालते, दारात बैल आहेत, खोलीत पोर रडतं, याला घरच म्हणतात. मला हे कळायला उशीर लागला, पण कळलं.

आता तू जे विचारलं आहेस त्याचं उत्तर. आयला अजून काही महिने ठेवून घेऊ का, असं तू लिहिलंस. आणि लिहिलंस, आय म्हणते, "त्यांचं माझ्यावाचून काय अडतंय? आगर हाय, बैल हायत, कागद-दौत हाय." ती असं म्हणाली ते हसत म्हणाली की कशी, ते तू लिहिलं नाहीस. तीन दिवस मी त्यावरच विचार करतो आहे.

आंब्याखाली गाडी नाही, तर दुपारी मी जमिनीवरच पडतो. तिथं चाकांच्या दोन खुणा आहेत. कैऱ्या पडतात, त्या कुणी वेचत नाही. मी पत्र वाचतो तेव्हा माझ्या तोंडाकडे बघायला कुणी नाही. मग मोठ्यानं वाचतो, दाराआड कुणी उभं असल्यासारखं. परवा वाचता वाचता थांबलो आणि म्हटलं, "ऐकलंस का?" आणि घर इतकं गप्प होतं की मी उठून बाहेर गेलो.

म्हणून यापुढचं मी तिला लिहितो आहे. तिला वाचता येत नाही, तेव्हा तुलाच वाचून दाखवावं लागेल. तुझ्यासमोर तिला हे सांगताना मला लाज वाटते, आणि तुझ्या तोंडून सांगताना तर जास्तच. पण दुसरी वाट नाही. पोर झोपलं की तिला दमणीत बसव, तू शेजारी बस, आणि मोठ्यानं वाच.

रंगू,

तुला नावानं हाक मारायची ही माझी पहिलीच खेप. लग्न झालं तेव्हापासून "अगं" आणि "ऐकलंस का" यावरच चाललं. चालत होतं, म्हणून नाव लागलं नाही.

तू म्हणतेस, माझं तुझ्यावाचून काय अडतंय. सगळं अडतंय. भात कच्चा राहतो नाहीतर करपतो, ते एक वेळ खाता येतं. पण मीठ पांढरं आलं की बांधावरून घरी येऊन सांगावं, तर कुणाला? मी रतनसाठी रडतो असं मलाही वाटत होतं. ती गेली तेव्हा मी रागावलो, पण जेवत होतो. तू गेल्यापासून मला जेवण जात नाही. आता या वयात एवढं लिहितो आहे, यावरून काय ते समज.

नातीजवळ तुला राहावंसं वाटेल. तुझं मन भरेपर्यंत राहा, मी घाई करणार नाही. मन भरलं की पेढीवर निरोप दे. गाडी तिथंच असू दे, लेकीला लागेल. तू ये. तुझ्याबरोबर दुसरं काही नको. तू ये, रंगू. मला तुझ्यावाचून करमत नाही.

रतन, हे शेवटचं पुन्हा एकदा वाच. पहिल्यांदा तिला खरं वाटणार नाही.

नाथा